हत्तीच्या चौकातले वाद्य

लंडनमध्ये थेम्स नदी ओलांडून दक्षिणेकडे मैलभर चालत गेले की अनेक मोठे रस्ते जिथे एकमेकांना मिळतात असा एक चौक लागतो. त्याचे नाव 'एलिफंट अँड कॅसल'. हत्ती आणि गढी! लंडनसारख्या शहरात हे नाव कुठून आले, असा प्रश्न आपल्याला पडावा हे साहजिक आहे. कॅस्टीलच्या कुणा राजकन्येच्या नावाचा हा अपभ्रंश अशी एक लाडकी दंतकथा तिथे सांगतात; पण ती खोटी आहे. चौकात पूर्वी एक खाणावळवजा मद्यगृह होते आणि त्याच्या पाटीवर पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती होता, एवढीच खरी गोष्ट. हेच चिन्ह चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या लोहारांच्या जुन्या संघाचेही आहे. सुऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या होत, म्हणून हत्ती. आपण त्या चित्राकडे पाहिले तर चटकन अंबारी म्हणू; पण अंबारी डोळ्यांनी न पाहिलेल्या युरोपीय चित्रकाराने हत्तीच्या पाठीवर चक्क किल्ला चढवला!

ह्या हत्तीच्या आसपासची वस्ती कष्टकऱ्यांची. गोदीत राबणारे, छापखान्यांत खिळे जुळवणारे, बाजारात हातगाडी लावणारे असे लोक इथे एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच जणांचे बिऱ्हाड करून राहत. मुंबईच्या गिरणगावाशी ज्याचा परिचय आहे त्याला ह्या वस्तीचे वेगळे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. अशा ठिकाणी, न्यू केंट रोडच्या तोंडाशी, १९३० सालच्या डिसेंबरात 'ट्रोकाडेरो' नावाचे एक चित्रपटगृह उघडले. तीन हजारांहून अधिक खुर्च्या, इटलीतल्या राजवाड्याच्या धर्तीचे खांब आणि कमानी, पायाखाली गालिचे, आणि रंगमंचापुढच्या खड्ड्यात अमेरिकेहून आणवलेला एक प्रचंड ऑर्गन. हे चित्रपटगृह आज नाही. १९६३ साली ते पाडले. ऑर्गन मात्र आहे, आणि तो वाजतो. घर गेले आणि घराचा आवाज राहिला, असे का झाले, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

चित्रपटगृह बांधणारे हायम्स बंधू, फिल आणि सिड, पूर्व लंडनमधल्या गरीब वस्तीतूनच वर आलेले होते. गरिबाला स्वस्त वस्तू द्यावी, हा व्यापाऱ्यांचा नेहमीचा हिशेब. हायम्स बंधूंचा हिशेब उलटा होता. ज्याच्या घरात ऊब नाही, दिवाणखाना नाही, त्याला काही पेन्समध्ये तीन तास राजवाड्यात बसू द्यावे, म्हणजे तो दर आठवड्याला येईल, असे त्यांचे म्हणणे. ह्यात परोपकार किती आणि धंदा किती, ह्याची वाटणी करणे अवघड आहे. दोन्ही होते असे मानलेले बरे. जॉर्ज कोल्स हा वास्तुशिल्पी त्यांना मिळाला, आणि तिघांनी मिळून अशी घरे पुढेही उभी केली: १९३३ साली पूर्वेकडे स्टेपनी भागात 'ट्रॉक्सी', १९३७ साली किलबर्नला चार हजार खुर्च्यांचे 'गोमाँ स्टेट'. ह्यांतले 'ट्रॉक्सी' वाचकांनी लक्षात ठेवावे. ते आपल्या कथेत पुन्हा येणार आहे.

आता ऑर्गनविषयी. आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटक डोळ्यांपुढे उभे राहते. बालगंधर्वांच्या पदांना साथ करणारा तो ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायची पेटीच. तिच्यात स्वर निघतो तो पितळी पत्तीच्या कंपनातून. ट्रोकाडेरोचा ऑर्गन ह्या जातीचा नव्हे. त्यात प्रत्येक स्वराला एक स्वतंत्र नळी असते; काही नळ्या शिशा-कथलाच्या, काही लाकडाच्या, काही बोटाएवढ्या, तर काही दुमजली घराच्या छपराला टेकतील अशा. एकाच जातीच्या आवाजाच्या, खालपासून वरपर्यंतच्या नळ्यांचा मिळून एक संच होतो. ट्रोकाडेरोच्या वाद्यात असे २१ संच होते, म्हणजे दीड हजाराहून अधिक नळ्या, आणि त्या वाजवायला एकावर एक अशा स्वरपट्ट्यांच्या चार रांगा. शिवाय पायांनी दाबायच्या पट्ट्यांची एक रांग वेगळी. अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीने युरोपात धाडलेल्या वाद्यांत हे सर्वांत मोठे म्हणून गणले जाते.

ह्या वाद्याचा जन्मही मोठा चमत्कारिक आहे. चर्चमधला ऑर्गन शतकानुशतके होताच; त्यात पट्टीपासून नळीच्या झडपेपर्यंत लाकडी काड्या आणि तारा जोडलेल्या असत. त्यामुळे वादकाला नळ्यांच्या पायथ्याशीच बसावे लागे, आणि जड पट्ट्या दाबताना त्याच्या बोटांचा घाम निघे. रॉबर्ट होप-जोन्स नावाचा एक इंग्रज गृहस्थ टेलिफोन कंपनीत इंजिनियर होता. १८५९ सालचा त्याचा जन्म. तारेतून माणसाचा शब्द मैलभर जातो, तर बोटाचा हुकूम का जाऊ नये, असा विचार त्याने केला. पट्टी दाबली की विजेचे वर्तुळ पुरे व्हायचे, विद्युच्चुंबक झडप उघडायचा, आणि दाबाखालची हवा नळीत शिरायची. वादक आता नळ्यांपासून हवा तितका दूर बसू शकत होता; दोघांमध्ये संबंध उरला तो एका जाड केबलीचा. पुढे होप-जोन्सला आणखी एक युक्ती सुचली. चर्चच्या ऑर्गनमध्ये प्रत्येक आवाजासाठी नळ्यांचा वेगळा संच लागे. ह्याने एकच संच विजेच्या जोडणीने वेगवेगळ्या सप्तकांत आणि वेगवेगळ्या पट्ट्यांवर फिरवून वापरला. थोड्या नळ्यांतून मोठ्या वाद्यवृंदाचा भास निर्माण झाला. चर्चच्या जुन्या मंडळींना हे मुळीच रुचले नाही. होप-जोन्सला व्यवहार असा ठाऊकच नव्हता. १९०३ साली तो अमेरिकेस गेला, तिथे त्याचा कारखाना बुडाला, १९१० साली वुर्लिट्झर कंपनीने त्याची सारी युक्ती विकत घेतली, आणि १९१४ साली त्याने आत्महत्या केली. त्याच वेळी अमेरिकेत मूकपटांची लाट उसळली होती. एका वादकात वाद्यवृंद बसवणारे हे यंत्र चित्रपटगृहांना हवेच होते. कंपनीने अशी दोन हजारांहून अधिक वाद्ये बांधली. १९२५ साली त्यांतले पहिले इंग्लंडात, वॉल्सॉल गावच्या चित्रपटगृहात उघडले. एका इंग्रजाने काढलेली आणि इंग्लंडने नाकारलेली वस्तू अमेरिकन खोक्यांत भरून, भरभक्कम किंमत देऊन, इंग्लंडने परत घरी आणली!

मूकपटासाठी बनवलेल्या ह्या वाद्यात नळ्यांबरोबर खरे ढोल, झांजा आणि घंटा असत. घोड्यांच्या टापा, आगगाडीची शिटी, पक्ष्यांची किलबिल हीही बटणाच्या टोकाशी हजर. पण इथे एक कोडे आहे. ट्रोकाडेरो उघडले १९३० च्या अखेरीस. तोपर्यंत बोलपट लंडनमध्ये रुळला होता. पुढे तीनच महिन्यांनी, १४ मार्च १९३१ रोजी, गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' लागला आणि आपल्याकडेही पडदा बोलू लागला. पडद्याशेजारी बसून पेटी आणि तबला वाजवणारी आपल्याकडची माणसे त्यानंतर मुकाट्याने उठून गेली. लंडनमध्येही चित्रपटगृहांतल्या वाद्यवृंदांचे असेच झाले. हजारो वादक बेकार झाले. मग ज्या वाद्याचे मूळ कामच संपले होते, ते इतके मोठे आणि इतके महाग, नव्या घरात कशासाठी बसवले?

ह्याचे उत्तर चित्रपटात नाही, दोन चित्रपटांमधल्या वेळात आहे. एक चित्र संपे, दिवे हळूहळू उजळत, आणि खड्ड्यातून विजेच्या पाळण्यावर बसलेला वादक नालाच्या आकाराच्या आपल्या मेजासकट वाजवीतच वर येई. दहा-पंधरा मिनिटे तो लोकांचा होई. पडद्यावर गाण्याचे शब्द उमटत आणि तीन हजार माणसे एका सुरात गात. अमेरिकेत बोलपटाने ऑर्गन लवकरच मुका केला. इंग्लंडात मात्र वादकाची ही पाळी चित्राइतकीच ठरीव होऊन बसली. मला वाटते, हायम्स बंधूंना हे नीट कळले होते. पडद्यावरची नटी हॉलिवूडची, ती सगळ्या शहरात एकाच वेळी दिसणार. पण ऑर्गनवाला आपल्या चौकातला. तो दर आठवड्याला आपल्याला मान लववून अभिवादन करतो, आणि त्याचा आवाज दुसऱ्या कुठल्या घरात मिळत नाही.

आणि हा ऑर्गनवाला कोण होता? क्वेन्टिन मॅक्लीन. १८९६ सालचा जन्म. वडील ॲलिक मॅक्लीन वाद्यवृंदाचे नामांकित संचालक. मुलगा शिकायला गेला जर्मनीत, लाइपझिगला. कार्ल श्ट्राउबे ह्या त्या काळच्या श्रेष्ठ ऑर्गनवादकाकडे ऑर्गन आणि माक्स रेगरकडे रचनाशास्त्र. तिथे असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून बर्लिनजवळच्या रूलेबेनच्या छावणीत त्याला अडकून पडावे लागले. सुटून आल्यावर वेस्टमिन्स्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याने साहाय्यक ऑर्गनवादकाची नोकरी केली. म्हणजे ज्या बाखची परंपरा लाइपझिगमध्ये नांदते, तिच्यात तयार झालेला हा गायकीच्या भाषेत 'घराणेदार' माणूस. तो चित्रपटगृहांत शिरला, आणि १९३० पासून १९३९ पर्यंत नऊ वर्षे ट्रोकाडेरोत वाजवत राहिला. बीबीसीने तिथून त्याचे वादन प्रक्षेपित केले आणि हत्तीच्या चौकातले वाद्य देशभर ऐकू गेले.

शुद्ध संगीताच्या कैवाऱ्यांनी ह्या वाद्याची यथेच्छ टवाळी केली आहे. ते थरथरते, गळा काढते, भावविवशतेचा बाजार मांडते, असे ते म्हणत. टीका सर्वस्वी खोटी नाही. हवेला ठेका धरून हलवणारे एक यंत्रच त्यात असते आणि सामान्य वादक ते बंद करायचे नावच घेत नसे. पण वाद्य वाईट की वाजवणारा, हा प्रश्न आपल्याकडेही पेटीच्या बाबतीत वर्षानुवर्षे झडला आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले ते पुढे अनेक वर्षे बंद राहिले; तरी ज्यांनी गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली होती त्यांना त्या बंदीचा हशाच आला असेल. मॅक्लीनचे ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळते. त्यात कुठेही घाई नाही, एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना सांधा दिसत नाही, आणि साध्या नाचाच्या सुरावटीतही खालचा स्वर आपली वाट चोख धरून चालतो. ज्याला ऐकायला एरवी कॅथीड्रलची पायरी चढावी लागली असती तो माणूस गोदीवाल्यांसमोर, रोजचे ठरलेले खेळ करून, वाजवीत होता. खालच्या वस्तीत वरच्या दर्जाचे काही रुजत नाही, असे म्हणणाऱ्यांना ट्रोकाडेरोची ही नऊ वर्षे दाखवावीत.

१९३९ साली मॅक्लीन कॅनडास गेला. टोरांटोला चित्रपटगृहात आणि चर्चमध्ये असा दोहोंकडे वाजवीत त्याने उरलेले आयुष्य काढले, आणि १९६२ साली तिथेच तो वारला.

मग युद्ध आले. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी लंडनवर केलेल्या हल्ल्यात हत्तीच्या चौकाभोवतीचा भाग आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. ट्रोकाडेरो वाचले. बाँबने जे पडले नाही, ते शांततेच्या काळात पडायचे होते.

युद्धानंतरची पाच-सात वर्षे चित्रपटगृहांना सुगीची गेली. १९४६ साली ब्रिटनमध्ये वर्षाकाठी १६३ कोटी तिकिटे विकली गेली. १९६३ साली हाच आकडा ३६ कोटींच्या आसपास आला. १९५३ च्या राज्यारोहण समारंभाने घरोघरी टेलिव्हिजन शिरला, हे त्याचे मोठे कारण. शिवाय बाँबने उजाड झालेल्या भागांतली माणसे दूरच्या नव्या वसाहतींत राहायला गेली. तीन हजार खुर्च्यांपुढे तीनशे माणसे बसू लागली की ऑर्गनवाल्याचा पगारही डोळ्यांत खुपू लागतो. एकेका घरातून वादक निवृत्त झाले आणि पाळणा खड्ड्यातच राहिला.

ट्रोकाडेरोला मात्र म्हातारपणी एक वेगळेच वारे लागले. १९५६ च्या सप्टेंबरात 'रॉक अराउंड द क्लॉक' हा चित्रपट तिथे लागला, आणि वस्तीतली तरुण पोरे खुर्च्या सोडून मधल्या वाटेत नाचू लागली. रस्त्यावर दंगा झाला, पोलीस आले, वृत्तपत्रांना आठवडाभर मजकूर मिळाला. १ मार्च १९५८ रोजी अमेरिकन गायक बडी हॉली ह्याच्या इंग्लंडच्या दौऱ्याची सुरुवात ह्याच रंगमंचावर झाली. पायांशी खड्ड्यात दीड हजार नळ्यांचे वाद्य गप्प, आणि वर चष्मा लावलेला बावीस-एकवीस वर्षांचा पोरगा विजेची गिटार घेऊन उभा! ऑर्गनच्या भक्तांना हा दृष्टांत कडू वाटेल. मला तो तितका कडू वाटत नाही. वस्तीतल्या माणसांना ज्या तालावर एकत्र यावेसे वाटत होते, तो ताल त्या घराने अखेरपर्यंत दिला, इतकेच त्यातून दिसते.

१९६३ साली ट्रोकाडेरो बंद झाले आणि पाडले. योगायोग असा की जॉर्ज कोल्सही त्याच वर्षी वारला. साऱ्या चौकाचीच नवी मांडणी चालली होती. मोटारींसाठी प्रशस्त वळणे, पादचाऱ्यांसाठी भुयारे, मध्यभागी बाजारगृह. पाडणाऱ्यांना ह्या इमारतीत जपण्यासारखे काही आहे असे वाटले नाही. राजवाडा खरा असता तर जपला असता. हा तर गरिबांसाठी प्लास्टरचा केलेला. अशा वास्तूंना संरक्षण देण्याची दृष्टी इंग्लंडला त्या वेळी आलेली नव्हती.

ऑर्गन वाचला तो कुणा सरकारी खात्यामुळे नव्हे. 'सिनेमा ऑर्गन सोसायटी' ह्या नावाची हौशी लोकांची एक संस्था आहे. पूर्वी तिकीट काढून ऐकणारे श्रोते, काही वादक, काही वायरमन आणि सुतार, अशांची. त्यांनी ते वाद्य घेतले. घेतले म्हणजे काय, ह्याची कल्पना करावी. दीड हजार नळ्या एकेक उतरवायच्या, कागदात गुंडाळायच्या, प्रत्येकीवर खूण घालायची. कातडी भाते, झडपा, चुंबक, ढोल, घंटा, आणि चार पट्ट्यांचे ते मेज. ह्यातले एक काही चुकले तर पुढे तो स्वर कायमचा मुका.

जागेवर काय आले, तेही सांगितले पाहिजे. हंगेरीत जन्मलेला एर्नो गोल्डफिंगर हा आधुनिक पंथाचा नामांकित वास्तुशिल्पी. (गुप्तहेर जेम्स बाँडच्या कादंबरीकाराने आपल्या खलपुरुषाला ह्याचेच आडनाव दिले, त्यामुळे ते वाचकांना अनोळखी नसावे.) त्याने उघड्या काँक्रिटचे 'ओडियन' चित्रपटगृह बांधले, १९६६ साली ते उघडले. खुर्च्या सुमारे हजार. ऑर्गनला अर्थातच जागा नाही. नव्याची मला मुळीच ॲलर्जी नाही, आणि जाणकार त्या इमारतीची वाखाणणी करतात. पण १९८८ साली तीही पाडली. जुने घर तेहेतीस वर्षे टिकले, नवे बावीस. चौकातले ते बाजारगृहही, १९६५ साली उघडलेले, २०२० साली बंद झाले आणि पुढल्या वर्षी जमीनदोस्त झाले.

वाद्य मात्र चौकापासून फार दूर गेले नव्हते. अर्ध्या मैलावर बरो रोडला कामगारांच्या मुलांना धंदेशिक्षण देण्यासाठी निघालेले जुने पॉलिटेक्निक होते. त्याच्या सभागृहात सोसायटीने ते बसवले. परीक्षांचे वर्ग आणि पदवीदानाचे समारंभ जिथे होत, तिथे कधी एखाद्या संध्याकाळी चाहते जमत आणि वाद्य वाजे. सोय चांगली, शेजार सज्जन. पण उधारीचा संसार. सभागृह तीन हजारांचे नव्हे, आणि वाद्याचा गळा तर तीन हजारांना पुरेल असा घडवलेला. पुढे संस्थेचे विद्यापीठ झाले, तिला जागा हवी झाली, आणि नळ्या पुन्हा खोक्यांत गेल्या.

आता 'ट्रॉक्सी'. हायम्स बंधूंचे, जॉर्ज कोल्सचेच, १९३३ साली 'किंग काँग'ने उघडलेले, साडेतीन हजार खुर्च्यांचे ते स्टेपनीचे घर १९६० साली चित्रपटांना मुकले, पण पडले नाही. १९६३ पासून चौदा वर्षे तिथे ऑपेरा शिकवण्याची शाळा भरली. किरी ते कानावा ही विख्यात गायिका तिथली विद्यार्थिनी. नंतर बिंगोचा जुगार आला; २००६ पासून गाण्याचे जलसे आणि समारंभ. त्याचा स्वतःचा वुर्लिट्झर केव्हाच काढून नेला होता. एका बाजूला वाद्य गमावलेले घर, दुसऱ्या बाजूला घर गमावलेले वाद्य. दोघांचे मालक एक, शिल्पी एक, काळ एक. सोसायटीच्या माणसांनी दोघांची सोयरीक जुळवली. अनेक वर्षे हाती काम चालले, आणि नव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ट्रोकाडेरोचा ऑर्गन ट्रॉक्सीत पुन्हा वाजू लागला.

स्टेपनीचा हा कमर्शियल रोड आज बंगाली दुकानांनी आणि मशिदींनी गजबजलेला आहे. हायम्स बंधूंची मंडळी केव्हाच दुसरीकडे पांगली. हत्तीच्या चौकात उंच काचेच्या इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या मद्यगृहावरचा तो लाल हत्ती मात्र पाठीवरच्या गढीसकट तिथेच, बाजारगृह पाडल्यावर जवळच्या एका नव्या चौथऱ्यावर नेऊन बसवला आहे. त्याच्या शेजारचे वाद्य नदीपलीकडे दोन-तीन मैलांवर नांदते आहे, आणि कार्यक्रम असेल त्या दिवशी वादक नालाच्या आकाराच्या त्याच मेजापाशी बसतो, ज्याच्यापाशी १९३० च्या डिसेंबरात मॅक्लीन पहिल्यांदा बसला होता.